दुसरी आच

भट्टी पेटवणं हे काही मोठं काम नाही. लाकूड कोरडं असलं की कुणीही पेटवील. खरं काम नंतरचं. आच देऊन झाली, दाराच्या विटांमधली शेवटची फट ओल्या मातीनं लिंपली, की हातावर हात ठेवून बसायचं. आत डोकावून बघावंसं वाटतं, तेव्हा बघायचं नाही. तापलेल्या भट्टीत बाहेरचं वारं शिरलं की चांगली भाजलेली बरणी टण्णकन तडकते, आणि तडकलेल्या बरणीला जगात औषध नाही.

उस्ताद हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत. त्यांच्या बायकोनं, सगळ्यांच्या काकीनं, तर लग्न झाल्यापासून हेच ऐकलं होतं. चिनीमातीच्या बरण्या झिलईच्या, म्हणजे भाजल्यावर काचेसारख्या चकाकणाऱ्या लेपाच्या बादलीत बुडवून काढायचं काम तिचं. आच उस्तादांची. आणि लाकूड फोडण्यापासून गाडी चालवण्यापर्यंत उरलेलं सगळं धाकट्याचं. धाकटा म्हणजे उस्तादांचा भाऊ. त्याचे केस पांढरे झाले, दात पडले, तरी तो धाकटाच राहिला होता.

बरणीला आच दोनदा द्यावी लागते. पहिली कच्च्या भांड्याला. ती झाली की भट्टी निवू द्यायची, भांडी काढायची, झिलईत बुडवायची आणि पुन्हा रचून दुसरी आच. दुसरी पहिलीपेक्षा कडक. पहिल्या आचेनं भांडं नुसतं टणक होतं. दुसरी बसल्याशिवाय ते पाणी धरत नाही.

एवढं कळलं तरी पुढचं सगळं कळेल.

उस्तादांचं वजन उतरायला लागलं तेव्हा त्यांनी पट्ट्याला दोन भोकं वाढवली आणि विषय संपवला. मग जेवण जाईना. लेकीनं फोनवरून भांडभांड भांडून त्यांना दवाखान्यात पाठवलं. लेक लांब दुसऱ्या शहरात नोकरीला होती आणि तिचा आवाज फोनमधूनसुद्धा घर हलवायचा. तपासण्या झाल्या. यकृतात गाठ निघाली, आणि ती साधी नव्हती.

"कापून काढता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "तुमचं लिव्हर जुन्या काविळीनं कडक झालंय. तुकडा काढला तर उरलेलं झेपणार नाही. पण दुसरा एक उपाय आहे."

उपाय असा होता. जांघेतल्या रक्तवाहिनीतून एक बारीक नळी आत सरकवायची, ती थेट गाठीला रक्त पुरवणाऱ्या फांदीपर्यंत न्यायची, आणि तिथं औषधात भिजवलेले मणी सोडायचे. डोळ्यांनी धड दिसणारही नाहीत इतके बारीक मणी. ते फांदीत अडकून बसतात. गाठीचं रक्त तुटतं, आणि मण्यांतलं औषध हळूहळू तिथल्या तिथं पाझरत राहतं. गाठ एकीकडून उपाशी मरते, दुसरीकडून विषानं.

"म्हणजे तुम्ही प्लंबर," उस्ताद म्हणाले.

डॉक्टर हसले. "बायकोही तेच म्हणते."

तेव्हापासून घरात त्यांचं नाव नळवाला डॉक्टर पडलं.

पण नळवाल्या डॉक्टरनं हसून झाल्यावर खुर्ची पुढं ओढली होती. उस्तादांच्या पोटावरच्या जुन्या व्रणाकडे त्यांनी बोट केलं. बऱ्याच वर्षांपूर्वी पित्ताच्या नळीत खडे अडकले होते, तेव्हा नळी कापून आतड्याला जोडून दिली होती.

"ही जोडणी मला आवडत नाही," ते म्हणाले. "चांगल्या नळीला एक दार असतं, आतड्यातले जंतू वर चढत नाहीत. तुमचं दार गेलंय. मेलेल्या गाठीत जंतू शिरले तर तिथं पू होतो. बाकीच्यांपेक्षा तुम्हाला हा धोका बराच जास्त आहे. आधी आणि नंतर आम्ही औषधं देऊ, पण धोका उरतोच. सांगून ठेवतो."

"आणि केलंच नाही तर?"

"गाठ वाढेल."

"मग विचारता कशाला? लावा पाना."

काकी मात्र उठली नाही. ती फारशी बोलणारी बाई नव्हती, पण एक प्रश्न तिला विचारायचाच होता. "डॉक्टर, धोका झाला हे आम्हाला घरी कसं कळायचं?"

"चांगलं विचारलंत. पहिला ताप येणारच. पोट दुखेल, उलट्या होतील. गाठ मरत असते तेव्हा हे होतं, घाबरायचं नाही. काही दिवसांत उतरेल. पण उतरलेला ताप परत आला, थंडी वाजली, डोळे पिवळे झाले, तर एक तासही घरी थांबायचं नाही. लगेच इथं यायचं."

"परत आला तर," काकी म्हणाली.

"परत आला तर."

ती ते मनात घोकतच पायऱ्या उतरली. उस्ताद पुढं चालत धाकट्याला नळवाल्याची नक्कल करून दाखवत होते.

मणी सोडायचं काम नीट पार पडलं. उस्ताद जागेच होते. पाय सरळ ठेवून उताणं पडून राहायचं होतं, तेवढंच त्यांना जड गेलं. "आयुष्यात इतका वेळ आडवा पडलो नव्हतो," ते परिचारिकेला म्हणाले. "मेल्यावरची तालीम करून घेतलीत."

घरी आणल्यावर ताप आला. डॉक्टरांनी सांगितला होता तस्साच. उजव्या बरगडीखाली कोळसा ठेवल्यासारखं दुखायचं, पोटात पाणी ठरत नव्हतं. काकी उशाशी बसून ओल्या फडक्यानं कपाळ पुसायची, आणि उस्ताद कण्हता कण्हता मधेच हसायचे.

"पेटली बघ. आत पेटलीय."

"काय पेटली?"

"भट्टी. मणी म्हणजे लाकूड. गाठ भाजतीय आता."

धाकटा दारात उभा होता. तोही हसला. घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसत होतं, म्हणून काकीही हसली. आजाराला माणसानं आपल्या ओळखीचं नाव दिलं की आजार जरा माणसाळतो. त्यात तिला काही वावगं दिसलं नाही.

ताप उतरला. उस्तादांनी वाटीभर सूप संपवलं, मग अंगणात खुर्ची टाकून घेतली. भट्टी समोरच होती. धाकटा कच्च्या बरण्या रचत होता, आणि उस्ताद खुर्चीतून त्याला शिव्या घालत होते. "अरे, गळ्याला गळा लावू नको! त्यांचं काय लग्न लावतोयस?" काकीला वाटलं, सुटलो. लेकीला तिनं स्वतःहून फोन केला. "बाबा ओरडायला लागलेत," ती म्हणाली. पलीकडून लेक रडायलाच लागली. त्या घरात ओरडणं म्हणजे तब्येतीचा दाखला होता.

आठवडाभरानं एका दुपारी उस्ताद खुर्चीतून उठले आणि पांघरूण मागू लागले. बाहेर ऊन रखरखत होतं. काकीनं हात लावला. अंग चटका बसावा इतकं तापलं होतं, आणि आतून माणूस कुडकुडत होता.

"परत आला," ती म्हणाली. "अहो, परत आला. दवाखान्यात चला."

"बस खाली."

"डॉक्टर म्हणाले होते, परत आला तर..."

"अगं, बस आधी." त्यांचे दात वाजत होते, पण डोळ्यांत वेगळीच चमक होती. "तुला कळतंय का हे काय आहे? पहिली आच झाली. निवली. आता दुसरी लागलीय. कडक असणारच. दुसरी कधी पहिलीपेक्षा कमी असते का?"

"माणसाचं पोट म्हणजे भट्टी नाही हो."

"मग काय आहे? त्यानं आत आग लावली की नाही? स्वतःच म्हणाला, औषध हळूहळू पाझरत राहतं. म्हणजे अजून चालूच आहे ना काम? आता तिथं गेलो की तो पोट उघडणार, नळ्या घालणार, आणि झालेलं सगळं तडकवून ठेवणार. आच बसू दे. निवली की आपणच जाऊ."

"पण ते म्हणाले होते..."

"ते डॉक्टर आहेत. रोगी मरेल या भीतीनंच बोलतात. तू इतकी वर्षं कुणाच्या भट्टीवर जेवलीस? त्या नळवाल्याच्या?"

हे त्यांचं शेवटचं हत्यार होतं आणि ते कधी फुकट जात नसे. काकी गप्प बसली. बसली म्हणजे पटलं म्हणून नव्हे. डॉक्टरांचे शब्द तिला एकूण एक आठवत होते. पण ती आयुष्यभर लिंपलेल्या दारासमोर बसत आलेली बाई होती. आत काय होतंय या काळजीनं जीव नुसता वरखाली होत असताना हात न लावणं, हेच शहाणपण, असं तिच्या हाडात मुरलं होतं. आणि खरंच, दरवेळी दार उघडल्यावर आत बरण्या चकचकीत उभ्या असायच्या. दरवेळी उस्तादच बरोबर निघायचे. मग या वेळी नसतील कशावरून?

माणूस चुकतो तो अडाणीपणानं चुकतो असं लोक म्हणतात. कधीकधी तो आपल्याला सगळ्यात चांगलं येतं त्यातच चुकतो.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. उस्तादांनी पलंगावरून हात हलवून खूण केली. सांगू नकोस.

"कसे आहेत गं?"

"बरे आहेत."

"ताप?"

काकीनं पलंगाकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही तिनं तेच सांगितलं. एकदा खोटं बोललं की त्याला रोज पाणी घालावं लागतं. धाकट्यानं एकदा अंगणात तिला गाठून हळूच विचारलं, "वहिनी, नेऊ या का?" ती म्हणाली, "तुझ्या दादाला विचार." तो म्हणाला, "मी? मला काय जीव नकोसा झालाय?" दोघंही एकदा भट्टीकडे बघून आपापल्या कामाला लागली. घरातल्या तीन माणसांपैकी दोघांना कळत होतं, आणि ती दोघं मिळून तिसऱ्याच्या आवाजाला पुरी पडत नव्हती.

दुखणं उजव्या खांद्यात चढलं. लघवी गडद चहासारखी झाली. उस्तादांचा मात्र पीळ कायम होता. "रंग धरतोय," ते म्हणाले. हसायला गेले आणि खोकल्यानं वाकडे झाले.

मग एका सकाळी काकीनं खिडकीचा पडदा सारला. उजेड त्यांच्या तोंडावर पडला आणि तिच्या हातातला पेला तसाच राहिला. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. ते तिच्याकडे बघत होते, पण ती त्यांना दिसत नव्हती.

"लाकूड घाल," ते म्हणाले. "धाकट्या, डावीकडून घाल. डावीकडे थंड पडतंय."

धाकटा तिथं नव्हता. काकी अंगणात धावली. "गाडी काढ."

"दादा काय म्हणतील?"

"दादा म्हणायच्या पलीकडे गेलेत. गाडी काढ!"

त्या घरात काकी पहिल्यांदा ओरडली, आणि गाडी लागलीच निघाली.

पुढचं सगळं डॉक्टरांच्या हातात गेलं. बाहेरून सुई घालून, मग नळी घालून यकृतातला पू काढला. पलंगाला पिशवी लटकली. तिच्यात जे जमत होतं त्याकडे काकीनं एकदाच पाहिलं. बाटल्यांमागून बाटल्या चढल्या. लेक मिळेल त्या गाडीनं आली, पाठीवरची पिशवीसुद्धा न उतरवता अतिदक्षता विभागाच्या दारात उभी राहिली.

दोन दिवसांनी उस्ताद शुद्धीवर आले. चेहरा पिवळा, पोट फुगलेलं, पण बोलणं सरळ. धाकट्यानं आनंदानं भिंतीवर थाप मारली. त्याच दुपारी डॉक्टरांनी काकीला आणि लेकीला आपल्या खोलीत बोलावलं. या वेळी त्यांनी खुर्ची पुढं ओढली नाही. ते उभेच राहिले आणि भिंतीवरच्या उजेडाच्या चौकटीत फोटो लावला.

"ही गाठ. हा सगळा काळा भाग म्हणजे मेलेला. कुठंही जिवंत दिसत नाही. मण्यांनी काम केलं."

लेकीनं आईचा हात पकडला.

"पण पू आजूबाजूला पसरला होता. विष रक्तात भिनलंय. मुळात लिव्हर कमजोर होतं, ते आता हार मानतंय. किडन्याही. आत्ता ते बोलतायत, पण हे टिकणार नाही. तुम्हाला आशा दाखवली तर मी खोटं बोलल्यासारखं होईल."

"नवीन लिव्हर?" लेक म्हणाली.

"अंगात एवढा जंतुसंसर्ग असताना नाही बसवता येत."

लेक म्हणाली, "आधी आणलं असतं तर?"

डॉक्टरांनी काकीकडे पाहिलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही."

बाहेर आल्यावर लेक म्हणाली, "सांगता येत नाही म्हणजे वाचले असते." मग ती आईकडे वळली. "ताप परत कधी आला होता, आई? मला धाकट्या काकांनी सांगितलं. माझा फोन आला तेव्हा तू पलंगाशेजारीच होतीस."

"हो."

"आणि मला नाही म्हणालीस."

"हो."

एवढ्यात परिचारिकेनं आतून हाक मारली. उस्तादांना लेकीला भेटायचं होतं. दोघी आत गेल्या.

लेकीला बघून उस्तादांचा चेहरा फुलला. तिनं त्यांच्या हाताला हात लावला तर तिथं सुईची पट्टी होती, म्हणून मग बोटं धरली.

"गाठीचं काय म्हणतोय नळवाला?"

काकी म्हणाली, "मेली."

"पूर्ण?"

"पूर्ण. फोटो दाखवला आम्हाला."

उस्तादांनी डोळे मिटले. किती तरी वेळ ते नुसते हसत पडून राहिले. मग डोळे उघडून लेकीला म्हणाले, "ऐकलंस? मी म्हणत होतो दुसरी आच आहे. कुणी ऐकेल तर शपथ. सगळं जमून आलं होतं. अजून एक-दोन दिवस धीर धरायला हवा होता. तुझ्या आईनं घाई केली आणि इथं आणून टाकलं. म्हणून ह्या नळ्या, म्हणून हे पोट. बाहेरचं वारं लागलं."

लेकीची मान झटक्यात वर झाली. तिचं तोंड उघडलं. काकीनं पलंगाच्या कडेखाली तिचं मनगट धरलं आणि बांगडी रुतेल इतकं आवळलं.

"चुकलं माझं," काकी म्हणाली. "घाबरले मी."

"तेच तर."

"हो. थांबायला हवं होतं."

लेक मनगट सोडवून बाहेर निघून गेली. काकी तिच्या मागं गेली. लेक खिडकीशी उभी होती. खाली वाहनतळात धाकटा गाडीची काच पुसत होता. काच स्वच्छच होती.

"त्यांना बोलू नकोस गं," काकी म्हणाली. "आता त्यांना ते कळून काय व्हायचंय? स्वतःच्या हातानं झालं हे डोक्यात घेऊन जातील."

"मी त्यांना बोलणार नव्हते," लेक म्हणाली. ती वळली नाही. "मी तुला बोलणार होते. त्यांच्यासमोर. त्यांना कळत नव्हतं, आई. तुला कळत होतं."

काकीनं हात पुढं केला. लेक हलली नाही, म्हणून तो तिनं परत घेतला.

दारातल्या माणसानं विचारलं, "आत एकालाच थांबता येईल. कोण थांबणार?"

"तिलाच थांबू दे," लेक म्हणाली.

काकी पदरानं तोंड पुसून आत गेली. उस्तादांना धाप लागली होती. तरी त्यांनी कण्हत, नळ्या सांभाळत, कमरेचा भाग वीतभर पलीकडे सरकवला, म्हणजे पलंगावर कडेला जागा झाली.

"बस," ते म्हणाले. "उभी का? बस इथं."

ती बसली.

"रडलीस?"

"नाही."

"रडलीस. मला दिसतंय." त्यांनी चाचपडत तिचा हात शोधला. त्यांचा तळवा कोरडा आणि तापलेला होता. "जाऊ दे. काळजीपोटीच केलंस ना? मी नाही धरत मनात."

काकीनं मान हलवली.

"ऐकतेस ना? मी रागावलेलो नाही तुझ्यावर."

"बरं," काकी म्हणाली.